आकाशगंगेच्या केंद्राचा पाठपुरावा : अँड्रिया गेझ यांची वैज्ञानिक कारकीर्द

आकाशगंगेच्या केंद्रस्थानी सूर्याच्या सुमारे चाळीस लाख पट वस्तुमानाचे एक कृष्णविवर आहे, हे विधान आज विज्ञानाची थोडीफार आवड असणाऱ्या कोणालाही ओळखीचे वाटते. मात्र ते ज्या पुराव्यांवर उभे आहे ते पुरावे एखाद्या भाग्यवान रात्री हाती लागलेले नसून, त्यांच्यासाठी दोन संशोधनगटांना पाव शतकाहून अधिक काळ आकाशाच्या एकाच चिमुकल्या तुकड्याकडे पुन्हापुन्हा पाहत राहावे लागले. यांपैकी एका गटाचे नेतृत्व जर्मनीतील राइनहार्ट गेंझेल यांनी केले आणि दुसऱ्याचे अमेरिकेतील अँड्रिया गेझ यांनी. २०२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना रॉजर पेनरोझ यांच्यासमवेत विभागून मिळाले. गेझ यांची कारकीर्द येथे विस्ताराने पाहण्याचे कारण असे, की विद्यापीठातील एक संशोधक एकच प्रश्न घेऊन तीस वर्षे कसा काम करतो, त्या प्रश्नासाठी उपकरणे कशी घडत जातात आणि प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न कसा उभा राहतो, हे तिच्यात फार स्पष्टपणे दिसते.

कृष्णविवर म्हणजे अवकाशातील असा प्रदेश, की जेथील गुरुत्वाकर्षण इतके तीव्र असते की ठरावीक सीमेच्या आत गेलेला प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. या सीमेला घटना क्षितिज म्हणतात. सूर्याच्या काही पट ते काही दशक पट वस्तुमानाची कृष्णविवरे मोठ्या ताऱ्यांच्या मृत्यूनंतर तयार होतात. परंतु ज्यांचे वस्तुमान सूर्याच्या लाखो किंवा अब्जावधी पट भरते अशी महाकाय कृष्णविवरे हा वेगळाच वर्ग असून ती दीर्घिकांच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या, केंद्रस्थानी आढळतात. त्यांची कल्पना पुढे आली ती क्वेसारांमुळे. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी ३सी २७३ या क्वेसाराच्या, म्हणजे ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूच्या, वर्णपटाचा उलगडा केला आणि ती अतिशय दूर असूनही विलक्षण तेजस्वी असल्याचे लक्षात आले. एवढी ऊर्जा लहानशा जागेतून बाहेर पडते कशी, याला उत्तर म्हणून १९६९ मध्ये डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी असे सुचवले, की दीर्घिकांच्या केंद्रांत महाकाय कृष्णविवरे असावीत, त्यांच्याकडे ओढला जाणारा वायू तापून प्रकाशमान होत असावा आणि आपल्या आकाशगंगेसारख्या शांत दीर्घिकांतही विझलेल्या क्वेसारांचे असे अवशेष असावेत.

आकाशगंगेचे केंद्र आपल्यापासून सुमारे सव्वीस हजार प्रकाशवर्षे दूर, धनु राशीच्या दिशेला आहे. इतर दीर्घिकांच्या केंद्रांच्या मानाने हे अंतर अगदीच थोडे असले, तरी त्या वाटेवर धुळीचे इतके ढग पसरलेले आहेत की साध्या दुर्बिणीतून ते केंद्र दिसतच नाही. तेथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या सुमारे एक लाख कोटी कणांपैकी जेमतेम एखादा आपल्यापर्यंत पोहोचतो. अवरक्त किरणांची, म्हणजे तांबड्या प्रकाशाहून अधिक लांबीच्या लहरींची, गोष्ट वेगळी आहे. २.२ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या किरणांपैकी साधारण दहातला एक भाग ती धूळ पार करून येतो. १९६६ मध्ये कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेतील, म्हणजेच कॅलटेकमधील, एरिक बेकलिन या संशोधक विद्यार्थ्याने याच तरंगलांबीवर आकाशगंगेच्या केंद्राचा प्रथमच वेध घेतला आणि त्याचे मार्गदर्शक गेरी नॉयगेबाउअर यांच्यासमवेत तो १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९७४ मध्ये ब्रूस बॅलिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना तेथेच रेडिओलहरींचा एक अत्यंत ठाशीव, बिंदुवत स्रोत सापडला, जो आज ‘सॅजिटेरियस ए*’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या भोवतालच्या वायूचा वेग चार्ल्स टाउन्स यांच्या गटाने मोजला आणि त्यावरून केंद्रात काही दशलक्ष सूर्यांइतके वस्तुमान असावे असा अंदाजही बांधला. परंतु वायूवर चुंबकीय क्षेत्रांचा, ताऱ्यांच्या वाऱ्यांचा आणि आघातलहरींचा परिणाम होत असल्यामुळे त्याच्या गतीवरून काढलेले अनुमान अनेकांना पुरेसे खात्रीचे वाटले नाही. ताऱ्याला असल्या गोष्टींनी फरक पडत नाही. त्याची वाट केवळ गुरुत्वाकर्षण ठरवते. तेव्हा केंद्राजवळचे तारे एकेक करून वेगळे ओळखावेत आणि त्यांची हालचाल मोजावी, हा मार्ग उरला होता, आणि तो त्या काळच्या तंत्रज्ञानाला जवळजवळ अशक्य होता.

अँड्रिया गेझ यांचा जन्म १९६५ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला आणि बालपण शिकागो शहरात गेले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे त्यांनी गणित घेऊन शिक्षणास प्रारंभ केला, नंतर भौतिकशास्त्राकडे वळल्या आणि १९८७ मध्ये पदवी घेतली. पीएचडीसाठी त्या कॅलटेकमध्ये गेल्या व त्यांचे मार्गदर्शक होते तेच गेरी नॉयगेबाउअर, ज्यांच्या नावावर आकाशगंगेच्या केंद्राचा पहिला अवरक्त वेध होता. प्रबंधाचा विषय मात्र कृष्णविवराचा नव्हता. नुकत्याच जन्मलेल्या, अद्याप आकुंचन पावत असलेल्या टी टॉरी प्रकारच्या ताऱ्यांपैकी किती ताऱ्यांना जोडीदार तारा असतो, हे त्यांनी पालोमार येथील पाच मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून तपासले आणि १९९२ मध्ये पूर्ण झालेल्या या कामातून असे दिसले, की तरुण ताऱ्यांमध्ये जोडताऱ्यांचे प्रमाण सूर्यासारख्या प्रौढ ताऱ्यांपेक्षाही अधिक आहे. या कामाचे दोन धागे त्यांच्या पुढील आयुष्यात कायम राहिले : एक जोडताऱ्यांचा आणि दुसरा, त्याहून निर्णायक, स्पेकल इमेजिंग या तंत्राचा.

हे तंत्र समजून घेण्याजोगे आहे, कारण पुढचे सारे यश त्यावरच रचले गेले. पृथ्वीच्या वातावरणातील हवा सतत हलत असते आणि तिच्या थरांतून येणारा ताऱ्याचा प्रकाश दर क्षणाला थोडाथोडा वाकत असतो. तारे लुकलुकतात ते त्यामुळेच, आणि त्यामुळेच मोठ्या दुर्बिणीतून घेतलेल्या दीर्घ छायाचित्रात तारा बिंदूऐवजी एका धूसर ठिपक्यासारखा उमटतो. हा ठिपका साधारणपणे अर्धा ते एक विकला रुंद असतो. एक विकला म्हणजे एका अंशाचा छत्तीसशेवा भाग. आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या ज्या ताऱ्याने पुढे इतिहास घडवला, त्याची संपूर्ण कक्षा एक चतुर्थांश विकलेच्या आत मावते, म्हणजे नेहमीच्या छायाचित्रात ताऱ्याची अख्खी प्रदक्षिणाच त्या एका धूसर ठिपक्यात हरवून जाते. स्पेकल तंत्रात सेकंदाच्या दशांशाइतकी अल्पकालीन छायाचित्रे हजारोंनी घेतली जातात. इतक्या थोड्या वेळात हवा जणू गोठलेली असते, आणि प्रत्येक चित्रात ताऱ्याचा प्रकाश बारीक कणांच्या पुंजक्यासारखा उमटतो. मग ही सर्व चित्रे संगणकावर योग्य तेवढी सरकवून एकावर एक रचली, की दुर्बिणीच्या आरशाला सैद्धांतिकदृष्ट्या जेवढा तपशील दिसू शकतो त्याच्या जवळपास पोहोचता येते.

ॲरिझोना विद्यापीठातील अल्पकाळाच्या हबल शिष्यवृत्तीनंतर १९९४ मध्ये गेझ लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झाल्या. ही निवड महत्त्वाची ठरली, कारण हवाई बेटावरील मौना केआ या निद्रिस्त ज्वालामुखीवर सुमारे ४१४५ मीटर उंचीवर नुकतीच उभी राहिलेली केक दुर्बीण चालवण्यात कॅलिफोर्निया विद्यापीठ भागीदार होते आणि तेथील अध्यापकांना तिच्यावर वेळ मागता येत असे. दहा मीटर व्यासाचा तिचा आरसा छत्तीस षट्कोनी तुकड्यांचा बनलेला असून त्या काळी एवढी मोठी प्रकाशीय दुर्बीण जगात दुसरी नव्हती. अशा दुर्बिणीवरील रात्री कोणाला द्याव्यात हे तज्ज्ञांची एक समिती ठरवते. गेझ यांचा पहिला प्रस्ताव या समितीने फेटाळला : तुकड्यातुकड्यांनी बनलेल्या आरशावर हे तंत्र चालेल आणि केंद्रातील तारे दिसतील, यावर तिचा विश्वास बसला नाही. नवख्या अध्यापकाच्या दृष्टीने असा नकार जड असतो, कारण नोकरीतील पहिल्या काही वर्षांच्या कामावरच पद कायम होणे अवलंबून असते आणि धोक्याच्या प्रश्नाऐवजी हमखास निष्कर्ष देणारा प्रश्न निवडण्याकडे साहजिकच कल होतो. गेझ यांनी प्रश्न बदलला नाही. तंत्र चालते हे दाखवून पुन्हा मागणी केली आणि १९९५ मध्ये त्यांचे वेध सुरू झाले. त्यांच्यासोबत विद्यापीठातील मार्क मॉरिस होते, आणि एरिक बेकलिनही होते : एकोणतीस वर्षांपूर्वी ज्यांनी या केंद्राचे पहिले अवरक्त मापन केले तेच बेकलिन, आता आपल्या गुरूच्या विद्यार्थिनीचे सहकारी म्हणून. विज्ञानातील ज्ञान शोधनिबंधांतून जितके पुढे जाते तितकेच ते अशा माणसांच्या साखळीतून जाते, आणि या साखळीचे श्रेय नोबेलच्या यादीत दिसत नाही म्हणून येथे नोंदवणे आवश्यक आहे.

त्याच सुमारास दुसऱ्या गोलार्धात हीच शर्यत सुरू होती. टाउन्स यांच्यासमवेत काम केलेले राइनहार्ट गेंझेल आता म्यूनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेत होते व आंद्रेआस एकार्ट यांच्यासह १९९२ पासून चिलीतील ला सिया येथील साडेतीन मीटरच्या दुर्बिणीतून त्याच ताऱ्यांचा मागोवा घेत होते. त्यांना तीन वर्षांची आघाडी होती आणि केंद्र दक्षिण गोलार्धातून डोक्यावर येते ही सोयही होती. गेझ यांच्याकडे आरशाचा आकार होता. दोन्ही गटांत चुरस तीव्र होती आणि ती विज्ञानाला उपकारकच ठरली, कारण दोन वेगळ्या दुर्बिणी, दोन वेगळ्या पद्धती आणि एकमेकांच्या चुका शोधायला टपलेले दोन संघ जेव्हा एकाच आकड्यावर येतात, तेव्हा त्या आकड्याला जे वजन प्राप्त होते ते एकट्या गटाने कितीही काटेकोर काम केले तरी मिळत नाही.

१९९८ मध्ये गेझ यांच्या गटाने तीन वर्षांच्या वेधांवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. त्यात केंद्रालगतच्या नव्वद ताऱ्यांची हालचाल मोजलेली होती. काहींचा वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्याही पुढे होता, आणि केंद्राच्या जितके जवळ जावे तितके तारे अधिक वेगाने धावताना दिसत होते. हे लक्षण नेमके महत्त्वाचे आहे. सूर्यमालेत बुध वेगाने आणि नेपच्यून संथपणे फिरतो, कारण बहुतेक सारे वस्तुमान मध्यभागी सूर्यात एकवटलेले आहे. तेच वस्तुमान सर्वत्र विखुरलेले असते तर वेगांचा क्रम असा राहिला नसता. गेझ यांच्या मापनांतून केंद्रात सूर्याच्या सुमारे सव्वीस लाख पट वस्तुमान एकवटलेले असल्याचे दिसले, आणि गेंझेल यांच्या गटाचा निष्कर्षही याच जातीचा होता. तरीही शंकेला जागा होती. न्यूट्रॉन तारे, विझलेले तारे किंवा लहान कृष्णविवरे यांचा दाट थवाही असा परिणाम घडवू शकला असता. ती शंका मिटवायची तर ताऱ्यांच्या केवळ वेगावर भागणार नव्हते. एखादा तारा प्रत्यक्ष वळताना पाहायला हवा होता.

२००० मध्ये पहिली वळणे दिसली. तीन ताऱ्यांच्या मार्गांतील प्रवेग, म्हणजे वेगाच्या दिशेत आणि परिमाणात होणारा बदल, गेझ यांच्या गटाने मोजला आणि ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की त्या तिन्ही ताऱ्यांना ओढणारे बल सॅजिटेरियस ए* या रेडिओस्रोताच्याच दिशेने निर्देश करते. या तिघांतला एक होता एस०-२, ज्याला जर्मन गट एस२ म्हणतो. २००२ च्या वसंतात हा तारा केंद्राजवळून अक्षरशः वळसा घालून गेला, आणि वर्षानुवर्षे जमवलेल्या बिंदूंतून एका लांबट लंबवर्तुळाची आकृती उमटली. सूर्याच्या सुमारे पंधरा पट वस्तुमानाचा हा तारा केंद्राभोवतीची प्रदक्षिणा अवघ्या सोळा वर्षांत पुरी करतो; आपल्या सूर्याला आकाशगंगेच्या एका फेरीला वीस कोटींहून अधिक वर्षे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या सोळा वर्षांचे मोल कळते.

येथे सामान्य वाचकालाही स्वतः करून पाहता येईल असे एक गणित आहे. केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार कक्षेच्या सरासरी त्रिज्येचा घन काढून त्याला प्रदक्षिणाकाळाच्या वर्गाने भागले, की मध्यवर्ती वस्तूचे वस्तुमान मिळते. अट एवढीच, की अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत, काळ वर्षांत आणि वस्तुमान सूर्याच्या पटीत मोजावे. एस०-२ च्या कक्षेची ही सरासरी त्रिज्या पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे एक हजार पट आहे. हजाराचा घन म्हणजे शंभर कोटी; सोळाचा वर्ग दोनशे छप्पन्न; आणि भागाकार येतो सुमारे एकोणचाळीस लाख. चारशे वर्षांपूर्वी मंगळाच्या निरीक्षणांपासून सुरू झालेल्या ग्रहगणितातून सिद्ध झालेला एक नियम आकाशगंगेच्या अदृश्य केंद्राचे वजन अशा रीतीने एका ओळीत करून देतो. शिवाय हा तारा सर्वांत जवळ असताना केंद्रापासून त्याचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे एकशेवीस पट, म्हणजे नेपच्यूनच्या कक्षेच्या जेमतेम चौपट उरते. तेवढ्या जागेत चाळीस लाख सूर्यांचे वस्तुमान कोंबलेले असेल आणि तरीही ती जागा ताऱ्यांनी लखलखत नसेल, तर दाट थव्याची कल्पना टिकत नाही : असा थवा अल्पावधीतच विस्कटला असता किंवा स्वतःच कोसळून कृष्णविवर झाला असता.

या टप्प्यावर गेझ यांनी जे केले ते त्यांच्या कारकिर्दीचे खरे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. निष्कर्ष हाती आल्यावर दुसऱ्या विषयाकडे वळण्याऐवजी त्यांनी मापनाची अचूकता वाढवण्याचा ध्यास घेतला. स्पेकल तंत्राला मर्यादा होत्या : अल्पकालीन छायाचित्रांत अंधुक तारे उमटत नसत आणि प्रकाश वर्णपटासाठी पुरत नसे. वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे त्याच्या घटक रंगांत केलेले पृथक्करण, मिळाल्याशिवाय तारा आपल्या दिशेने येतो आहे की दूर जातो आहे, तसेच तो कोणत्या जातीचा आहे हे कळू शकत नाही. यावर उपाय ठरली अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स ही पद्धत. हवेने प्रकाशलहरींत केलेली मोडतोड एखाद्या तेजस्वी संदर्भताऱ्याच्या प्रकाशावरून मोजायची आणि एका लवचीक आरशाचा आकार सेकंदाला शेकडो वेळा बदलून ती मोडतोड जागच्या जागी दुरुस्त करायची, असे तिचे तत्त्व आहे. संदर्भासाठी सोयीचा तारा जवळ नसेल, तर दुर्बिणीतून पिवळा लेसरकिरण आकाशात सोडून सुमारे नव्वद किलोमीटर उंचीवरील सोडियमच्या थरात एक कृत्रिम तारा निर्माण करतात. केक दुर्बिणीवर ही लेसर यंत्रणा २००४ पासून वापरात आली आणि गेझ यांच्या गटाने आकाशगंगेच्या केंद्रासाठी तिचा उपयोग लगोलग सुरू केला. तिने मिळणारी स्पष्टता मुंबईहून पुण्यात ठेवलेले दहा रुपयांचे नाणे ओळखता यावे इतकी आहे.

अधिक स्पष्ट दिसू लागले तसे कोडेही वाढले. २००२ मध्ये घेतलेल्या व पुढील वर्षी प्रसिद्ध केलेल्या एस०-२ च्या पहिल्या वर्णपटावरून हा तारा तरुण असल्याचे उघड झाले, आणि त्याच निबंधात गेझ यांनी या विसंगतीला ‘तारुण्याचा विरोधाभास’ असे नाव दिले. कृष्णविवराच्या इतक्या जवळ भरती-ओहोटीसारखे ताण एवढे प्रखर असतात की वायूचा ढग एकवटून त्यातून तारा जन्मणे अशक्य वाटते. दूर जन्मून तो इथवर सरकत आला म्हणावे, तर त्याचे आयुष्य तेवढ्या प्रवासाला पुरत नाही. उलटपक्षी, जे म्हातारे लाल तारे केंद्राभोवती दाटीने असावेत अशी सिद्धान्ताची अपेक्षा होती, ते तेथे पुरेशा संख्येने सापडले नाहीत. गेझ यांची विद्यार्थिनी जेसिका लू यांनी केंद्राभोवतीच्या तरुण ताऱ्यांपैकी बऱ्याच ताऱ्यांच्या कक्षा एका चकतीसारख्या प्रतलात असल्याचा सखोल अभ्यास केला. कधीकाळी कृष्णविवराभोवती वायूची चकती होती आणि तिच्यातून हे तारे जन्मले, या कल्पनेला त्यातून पाठबळ मिळाले. तरी सर्वांत आतल्या ताऱ्यांचे कोडे पूर्णपणे सुटलेले नाही.

दरम्यान वस्तुमानाचा आकडाही सुधारत गेला. २००८ मध्ये गेझ यांच्या गटाने तो एक्केचाळीस लाख सूर्यांच्या आसपास आणला. २०१२ मध्ये एस०-१०२ हा, अवघ्या साडेअकरा वर्षांत प्रदक्षिणा करणारा, अंधुक तारा सापडला. पूर्ण कक्षा ज्ञात झालेला तो दुसरा तारा होता, आणि दोन पूर्ण कक्षा हाती आल्यामुळे अवकाशाच्या वक्रतेची परीक्षा घेण्याची वाट मोकळी झाली. जोडताऱ्यांचा जुना धागाही याच काळात पुन्हा पुढे आला. २०१२ मध्ये गेंझेल यांच्या गटाला जी२ नावाची एक वायूच्या ढगासारखी वस्तू कृष्णविवराकडे झेपावताना आढळली, आणि २०१४ मध्ये ती चिरफाळेल असा अनेकांचा कयास होता. ती फाटली नाही. आत एखादा तारा दडलेला असला पाहिजे, आणि तो कृष्णविवराच्या प्रभावाने एकमेकांत विलीन झालेल्या जोडताऱ्यातून बनला असावा, अशी मांडणी गेझ यांनी केली. २०२० मध्ये अ‍ॅना च्युर्लो व सहकाऱ्यांनी अशा आणखी चार वस्तू शोधल्याचे जाहीर केल्यानंतर या मांडणीला बळ मिळाले. पीएचडीच्या प्रबंधातील विषय अशा रीतीने अडीच दशकांनी कृष्णविवराच्या दारात उपयोगी पडला.

मे २०१८ मध्ये एस०-२ पुन्हा केंद्राच्या सर्वांत जवळ आला, आणि या वेळी दोन्ही गट पूर्ण तयारीनिशी थांबलेले होते. तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक, म्हणजे प्रकाशवेगाच्या सुमारे अडीच टक्के होता. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धान्तानुसार तीव्र गुरुत्वाकर्षणातून बाहेर पडताना प्रकाश ऊर्जा गमावतो आणि त्याचा वर्णपट तांबड्या बाजूला सरकतो. याला गुरुत्वीय ताम्रसृती म्हणतात. चिलीतील चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणणाऱ्या ग्रॅव्हिटी या उपकरणाच्या साहाय्याने गेंझेल यांच्या गटाने हा परिणाम जुलै २०१८ मध्ये जाहीर केला. गेझ यांच्या गटाने तारा कक्षेतील पुढील निर्णायक टप्पेही ओलांडेपर्यंत वाट पाहिली आणि टुआन डो यांच्या प्रथम लेखकत्वाखाली २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये स्वतंत्र पुष्टी दिली. डो हेही मुळात गेझ यांचेच विद्यार्थी. जो तारा तपासला तो जोडतारा तर नाही ना, हेही गटाने आधी पडताळून पाहिले होते, कारण लपलेल्या जोडीदाराच्या ओढीने सापेक्षतेच्या परीक्षेत भेसळ झाली असती. पुढे २०२० मध्ये ग्रॅव्हिटी गटाने या कक्षेचे लंबवर्तुळ प्रत्येक फेरीत थोडे थोडे फिरत असल्याचेही दाखवले. बुधाच्या कक्षेबाबत आइन्स्टाइनने सोडवलेले कोडे ते हेच, मात्र कितीतरी मोठ्या प्रमाणात.

६ ऑक्टोबर २०२० रोजी नोबेल जाहीर झाले, तेव्हा भौतिकशास्त्रात ते मिळवणाऱ्या गेझ या मेरी क्युरी, मारिया गोपर्ट-मायर आणि डोना स्ट्रिकलंड यांच्यानंतरच्या चौथ्या महिला ठरल्या. एकशेवीस वर्षांच्या जवळपास पोहोचलेल्या इतिहासात चार ही संख्या लाजिरवाणी होती, आणि ती बुद्धीच्या वाटपाविषयी काही सांगत नसून संधीच्या वाटपाविषयी सांगते. गेझ यांनी १९९५ मध्येच, केकवरील कामाच्या आरंभकाळात, मुलींसाठी खगोलशास्त्रज्ञाच्या कामाची ओळख करून देणारे एक पुस्तक ज्युडिथ लव्ह कोहेन यांच्यासह लिहिले होते, हे या संदर्भात आवर्जून सांगावेसे वाटते. पारितोषिकाचा अर्धा भाग पेनरोझ यांना मिळाला तो कृष्णविवरांची निर्मिती व्यापक सापेक्षता सिद्धान्तातूनच निघते, या १९६५ च्या सिद्धतेबद्दल, आणि या सिद्धतेत कोलकात्याचे अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या समीकरणाचा मोलाचा वाटा आहे. गेझ आणि गेंझेल यांच्या कामाचे वर्णन करताना नोबेल समितीने ‘महाकाय कृष्णविवर’ न म्हणता ‘अतिप्रचंड वस्तुमानाची आटोपशीर वस्तू’ अशा अर्थाचे शब्द योजले. ही सावधगिरी योग्यच होती : ताऱ्यांच्या कक्षांनी वस्तुमान आणि त्याला उपलब्ध असलेली जागा सिद्ध केली होती, घटना क्षितिज दाखवले नव्हते. चाळीस लाख सूर्यांच्या कृष्णविवराचे घटना क्षितिज केंद्रापासून केवळ एक कोटी वीस लाख किलोमीटरवर असते, तर एस०-२ जवळात जवळ येतो तोही अठराशे कोटी किलोमीटरवर. उरलेली दरी मे २०२२ मध्ये इव्हेंट होरायझन टेलिस्कोप या जागतिक रेडिओदुर्बीण-जाळ्याने बरीच भरून काढली. २०१७ मध्ये घेतलेल्या वेधांतून त्यांनी सॅजिटेरियस ए* भोवतीचे तेजोवलय आणि मधली काळी छाया यांची प्रतिमा प्रसिद्ध केली, आणि त्या वलयाचा व्यास ताऱ्यांच्या कक्षांवरून आधीच ठाऊक असलेल्या वस्तुमानाशी नीट जुळला.

या साऱ्या कामाशी महाराष्ट्राचा संबंध अगदीच नाही असे नाही. नारायणगावजवळच्या खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपमधून सुभाशीष रॉय आणि ए. प्रमेश राव यांनी सॅजिटेरियस ए* चा वेध ५८० मेगाहर्ट्झ इतक्या कमी वारंवारितेवर घेतला व तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. मौना केआवर प्रस्तावित असलेल्या तीस मीटर व्यासाच्या दुर्बिणीच्या प्रकल्पात भारत भागीदार असून त्यात पुण्याच्या आयुका या संस्थेचा सहभाग आहे. मूळ हवाईवासीयांच्या दृष्टीने हा पर्वत पवित्र असल्याने त्यांनी केलेल्या विरोधामुळे तेथील बांधकाम रखडले आहे, आणि शास्त्राची गरज कितीही खरी असली तरी त्या समाजाच्या संमतीवाचून ते पुढे जाऊ नये हेच न्याय्य होय.

केक दुर्बीण साधारण वीस उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे जवळजवळ छत्रपती संभाजीनगरच्या अक्षांशावर. त्यामुळे आकाशगंगेचे केंद्र तेथून क्षितिजावर जेवढ्या उंचीला येते तेवढ्याच, सुमारे एक्केचाळीस अंशांच्या, उंचीला ते मराठवाड्यातूनही येते. एप्रिल-मे महिन्यांच्या उत्तररात्री दक्षिणेकडे किंवा पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबरच्या आरंभी संध्याकाळी नैर्ऋत्येकडे, शहरी दिव्यांपासून दूर जाऊन पाहिल्यास, मूळ आणि पूर्वाषाढा या नक्षत्रांच्या दरम्यान, किंचित उत्तरेला, ती जागा वाचकांना सहज शोधता येईल. एस०-२ हा तारा तेथे पुन्हा कृष्णविवराच्या सर्वांत जवळ येईल तो २०३४ मध्ये, आणि आज महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पदवी, पीएचडी पूर्ण करून त्या वेधांत सहभागी होण्याइतका अवधी अजून हाताशी आहे.